शालूबाईच्या खाराचं विरजण

लोणावळ्यात आलेला माणूस चिक्कीच्या दुकानापुढं थांबतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण गावातून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची टपरी आहे आणि दुपार कलली की तिच्यापुढं जी माणसं उभी राहतात, ती चिक्कीकडं ढुंकूनही बघत नाहीत. ती आलेली असतात शालूबाईचा खारपाव खायला. त्यांना पत्ता विचारावा लागत नाही. वारा बरा असला की नाकच त्यांना टपरीपर्यंत आणून सोडतं.

हा वास पहिल्यांदा घेणारा माणूस एक तर पळून जातो, नाहीतर दुसऱ्या पावाची वाट बघत तिथंच उभा राहतो. मधला माणूस शालूबाईनं अजून पाहिलेला नाही. पुण्याहून आलेल्या एखाद्या बाईनं ओढणी नाकाला लावून "मावशी, हे नेमकं काय आहे हो?" असं विचारलं, की शालूबाई तव्यावरून नजरही न उचलता म्हणते, "आदी खा. मंग इचारा. आदी इचारलं तर खानार न्हाई."

नेमकं आहे काय, तर जवळ्याचा खार. जवळा म्हणजे नखाएवढी, मिशाळ कोळंबी. ती धुवायची, निथळायची, मीठ चोळून एक ऊन द्यायचं, पाट्यावर जाडसर ठेचायची आणि चिनीमातीच्या बरणीत भरून चुलीच्या उबेला ठेवून द्यायची. रोज सकाळी लाकडी चमच्यानं खालीवर करायची. काही आठवड्यांनी ती मुरते, आंबते, तपकिरी होते आणि तिच्यात अशी एक ताकद येते की घरातलं मांजर बरणीपाशी उपोषणाला बसतं. मग ती चमचाभर घ्यायची, तेलात कांदा, लसूण, लाल तिखट आणि आमसूल घालून परतायची, तव्यावर शेकलेल्या पावाला आतून फासायची आणि वर एक गरम कांदाभजी दाबून बसवायची. झाला खारपाव. पण हे सगळं करून खार होतोच असं नाही. नव्या जवळ्यात जुना खार घालावा लागतो, दुधात विरजण घालतात तसा. विरजण नसेल तर जवळा नुसता सडतो.

शालूबाईच्या बरणीतलं विरजण तिच्या आईचं होतं. माहेर घाटाखाली, नागोठण्याच्या खाडीकडचं. लग्नात इतर मुलींना आया तांब्याचा हंडा देतात. हिच्या आईनं हंडा दिलाच, वर फडक्यानं तोंड बांधलेली एक बरणी दिली. औंढ्याच्या शेतकरी घरात ती बरणी आली आणि पहिल्याच दिवशी सासूनं नाक मुरडून ती परसात नेऊन ठेवली. संध्याकाळी सासरा, भिमाजी आबा, शेतावरून आला, परसात हातपाय धुताना त्याला वास आला, त्यानं फडकं सोडलं आणि सुनेकडं भाकरी मागितली. त्या रात्री बरणी स्वयंपाकघरात आली, ती कायमची. नवऱ्याला, म्हणजे सीतारामला, खाराची गोडी लागायला दोन महिने लागले. आबांना दोन घासही लागले नाहीत.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा फोटोही धड नाही, एका लग्नातल्या घोळक्यात अर्धा चेहरा दिसतो तेवढाच. पण रोज सकाळी बरणीचं फडकं सोडलं की शालूबाईला आईच्या पदराचा वास यायचा, आणि हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं होतं तरी काय? आईच्या पदराला मासळीचा वास यायचा, हे काय कौतुकानं सांगायचं?

म्हणूनच असेल, पण ती कच्चा खार कुणाला द्यायची नाही. चटणी मागा, डबा भरून देईल. शेजारच्या अनितानं कितीदा म्हटलं, "मावशी, वाटीभर कच्चा द्या की, मी बी लावून बगते." शालूबाई हसून विषय बदलायची. बरणी फळीवर सगळ्यात वर, तांदूळ धुवायच्या रवाळीच्या मागं. घरच्यांनासुद्धा तिथं हात लावायची मुभा नव्हती. उद्या समोरच कुणी दुसरी टपरी टाकली तर, हेही मनात असायचं. बाई साधी असली तरी भोळी नव्हती.

आणि इथंच ती फसली.

औंढ्यात घट बसायच्या आधी घर धुतात. धुतात म्हणजे कपडा फिरवतात असं नाही. गोधड्या ओढ्यावर जातात, डबे रिकामे होतात, भिंती पुसल्या जातात, वर्षभर न वापरलेली पातेलीसुद्धा राखेनं घासून उन्हात पालथी पडतात. देवी यायची म्हणजे घरात मासळी-मटणाचा मागमूस राहता कामा नये. त्यामुळं दरवर्षी धुण्याच्या आदल्या दिवशी शालूबाई बरणी उचलून टपरीवर नेऊन ठेवायची. नऊ दिवस टपरी बंद, बरणी कुलपात. दसरा झाला की दोन्ही उघडायच्या.

यंदा आदल्या दिवशी टपरीवर गर्दी झाली आणि राहून गेलं. सकाळी परडी, सात धान्यं, नाडापुडी आणायला लोणावळ्याला जायचं होतं. आल्यावर नेऊ, असं म्हणून ती गेली.

घरी होती सारिका. शालूबाईच्या मुलाची, संदेशची बायको, वैशाखात लग्न होऊन नवलाख उंबरे गावाहून आलेली. संदेश तळेगावला कारखान्यात, पहिल्या पाळीला गेलेला. सासरचं पहिलं नवरात्र, आणि पोरगी अशी की सासूनं अर्धं काम सांगितलं की ही दीड करून ठेवणार. सासूला ती आत्या म्हणायची. आत्या परत यायच्या आत सगळं घर लखलखीत करायचं, असं तिनं मनाशी घेतलं. फळीवरचे डबे काढता काढता रवाळीमागची बरणी हाती लागली. फडकं सोडलं आणि ती चार पावलं मागं सरकली. लाल, खमंग चटणी तिनं खाल्ली होती, मिटक्या मारून खाल्ली होती. पण ती कशातून येते हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

शालूबाई पिशव्या घेऊन अंगणात शिरली तेव्हा तुळशीकट्ट्याशेजारी बरणी पालथी पडली होती. उन्हात नुसती चमकत होती.

"आत्या, बघा ना," सारिका पदरानं घाम पुसत म्हणाली, "काय नासलं होतं त्या बरणीत कुणास ठाऊक! तीनदा राख लावली, सोड्याच्या पाण्यानं धुतली, तेव्हा कुठं वास गेला. आता लोणचं घालायला घ्या."

शालूबाईच्या हातातली पिशवी खाली बसली. "कुटं वतलंस?"

"परसातल्या खड्ड्यात."

शालूबाई परसात धावली. तिथं कोंबड्यांची पंगत बसली होती. मातीत उकरून उकरून त्या खार वेचत होत्या आणि त्यांच्यात भांडणंही लागली होती. उरलंसुरलं शेणाच्या पाण्यात मिसळून गेलेलं. एवढ्या वर्षांत कुणाला चमचाभर दिला नाही तो खार कोंबड्यांनी फुकट खाल्ला. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर शालूबाई पोट धरून हसली असती.

काय झालं ते सीतारामनं सारिकाला सांगितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. शालूबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडायला लागली की घरातल्या सगळ्यांना आपापलं काम सुचतं, आणि थोड्या वेळानं ती स्वतःच चहा टाकते. पण ती ओरडली नाही. गप्प बसून परडीत माती भरू लागली. त्या गप्प बसण्यानं घराचं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि शालूबाईनं शोध सुरू केला. आधी भावाला फोन लावला. फोन भावजयीनं घेतला. "अहो वन्सं, आता कोण करतंय ते! आम्ही पेणला फ्लॅटमध्ये आलो, तिथं बरणी उघडली तर सोसायटीवाले बैठक घेतील." गावाकडं चुलत्यांच्यात विचारलं, तिकडंही आता बाजारातली पाकिटं येत होती. मग ती वाटी घेऊन औंढ्यात निघाली. वेळ बघा कसली. घरोघरी घट बसलेले, उंबऱ्याला हळदकुंकू, आत धूप जळतोय, आणि ही दारात उभी राहून हळूच विचारतेय, "खार हाय का गं थोडा?" बाया आधी देव्हाऱ्याकडं बघायच्या, मग हिच्याकडं.

अनितानं तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं. "मावशी, रागावू नगा. चटनी तुमी लय दिली. पर ती शिजल्याली. कच्चा कदी कुनाला दिला हुता का? दिला आस्ता तर आज माज्या घरात बरनी आस्ती."

 रिकामी वाटी पदराखाली घेऊन शालूबाई घरी आली. राग आता सारिकावर नव्हता, स्वतःवर होता, आणि तो जास्त जाळत होता. सांभाळायचं म्हणून आईचा खार तिनं एकाच बरणीत कोंडला होता. दसऱ्यानंतर टपरी उघडेल, लोक येतील, भजी-पाव मिळेल. तो तर कुठंही मिळतो. पण रोज सकाळी आई भेटायची, ती आता भेटणार नव्हती.

घरात सारिका बॅग भरून बसली होती. "आत्या, मी थोडे दिवस माहेरी, उंबऱ्याला जाऊन येते."

"घट बसल्यात घरात. सून उंबरा वलांडून जाती का?" शालूबाई म्हणाली. शब्द बरोबर होते, पण आवाजात ओलावा नव्हता, आणि तो नव्हता हे दोघींनाही कळलं. सारिका तोंड फिरवून रडली. शालूबाईला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला मात्र नाही.

तिसऱ्या माळेच्या दुपारी सारवायला शेण आणावं म्हणून ती गोठ्याकडं गेली. दारापाशी पोचली आणि तिचा पाय थबकला. खाराचा वास. आधी तिला वाटलं, ध्यास घेतल्यानं भास होतोय. नाक पुसून पुन्हा श्वास घेतला. भास नव्हता. कच्चा, मुरलेला, तिचाच खार.

ती आत डोकावली. गव्हाणीच्या कडेवर एक औषधाची बाटली उघडी ठेवलेली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर भिमाजी आबा बसले होते. बाटलीकडं पाठ करून, हात जोडून, डोळे मिटून. गळ्यात तुळशीची माळ. मागच्या खिडकीतून वारा यायचा, तो बाटलीवरून जाऊन आबांच्या मानेवरून पुढं यायचा. प्रत्येक झुळकेला म्हाताऱ्याच्या तोंडावर असं काही समाधान उमटत होतं की गाईनंसुद्धा रवंथ थांबवून त्यांच्याकडं पाहिलं.

"मामंजी!"

आबा असे दचकले की टोपी गव्हाणीत पडली. "म्या वास घेत न्हाई!" ते आधी ओरडले, मग डोळे उघडले. "आदीच सांगतो. म्या घेत न्हाई. वाऱ्यावर येतोय, त्येला मी काय करू?"

"नवरात्रात, मामंजी? माळकरी मानूस तुमी!"

"गोठ्यात घट बसवल्यात व्हय गं?" आबा चिडले, कारण सापडलेला माणूस आधी चिडतोच. "आन् मी सप्त्याच्या बुवांना इचारलंय. म्हनलं, एका मानसाचं इचारतो, माळ घातल्यावर जुना वास आला तर कसं? बुवा म्हनले, आपल्याआपन आला तर दोष न्हाई, हुंगाया गेला तर दोष. म्हनून मी पाट करून बसतो. कदी तोंड करून बसलो न्हाई. इचार ह्या गाईला."

शालूबाईनं बाटली उचलली. तळाला दोन बोटं खार होता. ताजा, जिवंत, कडेला बारीक बुडबुडे. "ह्यो कुटनं आनला?"

"चोरला," आबा म्हणाले. "दरसाल तू नवा खार लावलास की चमचाभर चोरतो. रवाळीमागं ठिवतीस, मला काय ठावं न्हाई?"

बाटली छातीशी धरून शालूबाई खाली शेणकुटावरच बसली. हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम येत असल्यानं नुसती उचकी लागली. जरा सावरल्यावर तिच्या तोंडून भलताच प्रश्न आला. "एवडा जीव हुता खारावर, तर माळ घातलीच कशाला मामंजी? मला वाटलं, सासूबाई गेल्या, तुमचं मन इटलं."

आबांनी टोपी झटकली. बराच वेळ झटकली. "तू तळेगावच्या दवाखान्यात हुतीस. कावीळ लय वाडलेली. डाक्टर धड बोलंना. सीताराम नुसता भिताडाला टेकून उबा. मी म्हनलं, पांडुरंगा, तुला द्यायाला माज्यापाशी काय हाय? जिमीन पोराची, गुरं पोराची. माजी म्हनावी अशी येकच, ही जीब. म्हनलं, तिचा लाड तुला घे आन् माजी सून घरी धाड."



"मंग मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर तू खार लावायचा बंद केला आस्तास. मंग मी वासाला बी मुकलो आस्तो!"

शालूबाईनं डोळे पुसले आणि घराकडं तोंड करून अशी हाक मारली की ओढ्यापलीकडच्या शेतातली माणसं उभी राहिली. "सारिके! ए सारिके! पळ हिकडं! बॅग टाक तितंच!"

सारिका घाबरून धावत आली. सासू शेणात बसलेली, सासऱ्याचे वडील खाली मान घालून उभे. तिला वाटलं आता आणखी काय फुटलं! शालूबाईनं तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं, बाटली तिच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "घाबरू नगं. नीट वास घे. हे नासल्यालं न्हाई बाळा, हे जित्तं हाय. आदीच दाखवाया पायजे हुतं तुला, माजंच चुकलं."

सारिकानं वास घेतला. या वेळी ती मागं सरकली नाही. नाक मात्र आक्रसलं, आणि ते बघून शालूबाईला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसू आलं.

आबा मात्र कासावीस झाले होते. "समदा नेशील काय गं?"

"समदा न्हाई, मामंजी. चमचाभर तुमचा तुमाला ठिवते."

दसरा झाला. सासूसून लोणावळ्याच्या मासळीबाजारात गेल्या, टोपलीभर ओला जवळा घेऊन आल्या. धुतला सारिकानं, मीठ सारिकानं चोळलं, पाट्यावर ठेचलाही तिनंच. शालूबाई शेजारी बसून नुसती सूचना करत होती आणि सूचना करणं तिला कामापेक्षा जड जात होतं. बाटलीतलं विरजण घालताना मात्र दोघींनी चमचा मिळून धरला. त्यानंतर रोज सकाळी फडकं सोडून खालीवर करायचं काम सारिकाकडं आलं. पहिल्या आठवड्यात ती पदर नाकाला बांधायची. दिवाळीच्या सुमाराला पदर सुटलेला शालूबाईनं पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

खार तपकिरी झाला, बुडबुडे आले, मांजर उपोषणाला बसलं. पण तो आईचाच आहे का? हे काही केल्या शालूबाईला ठरवता येईना. रोज हुंगायची, रोज वाटायचं की आहे, आणि रोज शंका यायची की आपल्याला हवं आहे म्हणून तसं वाटतंय. सीतारामला विचारावं तर तो सगळंच चांगलं म्हणणारा. गिऱ्हाइकं तर भूक लागल्यावर काहीही चांगलं म्हणतात. या खाराची खरी पारख असलेलं नाक औंढ्यात एकच होतं.

खार मुरेपर्यंत यंदा टपरी बंदच ठेवली होती. ती उघडायच्या दिवशी सारिकानं संदेशची स्कूटर काढली. मागं आबा बसले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. माळ घातल्यापासून ते टपरीच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते. स्कूटर थांबल्यावर त्यांनी आधी मातीची चिमूट उडवून वारा बघितला, मग स्टूल मागून घेतलं आणि टपरीकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून बसले. अनिता आपली रिकामी बरणी घेऊन कट्ट्यावर येऊन बसली होती. सारिकानं उंबऱ्याला आईकडं न्यायची बाटली घासून पुसून आणली होती. शालूबाईनं दोघींना सांगितलं होतं, मामंजींचं होऊ दे, मग भरते.

तवा तापला. तेल, कांदा, लसूण, आणि मग खार. चर्र झालं आणि धुराचा एक लोट उठून रस्त्याकडं गेला. जाणारी एक जीप आपोआप हळू झाली. शालूबाई उलथनं हातात घेऊन आबांच्या पाठीकडं बघत राहिली. पाठ हलेना. कांदा करपायला आला तरी तिला भान नव्हतं.

"मामंजी, बोला की. हाय का त्योच?"

आबा एकदम उठले. स्टूल मागं कलंडलं.

"सारिके, गाडी काड."

"काय झालं, आबा? बरं वाटत नाही का?"

"गाडी काड म्हनतो ना! हितं आजून पळभर थांबलो तर माळ काडून खिशात घालंन आन् पाव मागंन. पांडुरंगाला काय तोंड दाखवू? चल, चल लवकर!"

शालूबाईच्या हातून उलथनं पडलं. ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचं सोडून तिनं अनिताची बरणी ओढून घेतली नि काठोकाठ भरू लागली.

सारिकानं स्कूटर चालू केली. रस्त्याच्या वळणापर्यंत आबांनी एकदाही मागं पाहिलं नाही. गाडीला धरायचं सोडून त्यांनी दोन्ही हातांनी गळ्यातली माळ गच्च धरली होती.